लाल टॅगवरची आग

ज्योतीराम कविता आधीपासूनच करायचा, पण जगाला ते कळलं ते माझ्यामुळं. याचं श्रेय मी कुणाला घेऊ द्यायचो नाही.

माणूस मराठवाड्यातला. मी इथला, बापजाद्यांपासून चिखलीचाच. तो आमच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर राहतो. चाकणच्या एकाच कंपनीत दोघं. तो पार्ट तपासतो, मी स्टोअरला. खराब पार्टला लाल टॅग बांधतात. त्या टॅगच्या कोऱ्या पाठीवर हा कविता लिहायचा आणि डब्याच्या पिशवीत कोंबायचा. त्याची बायको साधना म्हणायची, ह्यांच्या पिशवीत भाकरी कमी, टॅग जास्त.

मार्चात सुरक्षा सप्ताह आला. घोषवाक्यांची स्पर्धा, कवितांची स्पर्धा. दरवर्षी तेच हेल्मेट घाला आणि जीव वाचवा. मी गंमत म्हणून त्याच्या पिशवीतला एक टॅग उचलला. वर लिहिलं होतं, ‘आग’. म्हटलं, विषयात बसतंय. पुढं न वाचताच त्याच्या नावानं पेटीत टाकला. राव, पहिलं बक्षीस.

आमच्याकडं रिवाज असा, की बक्षिसाची कविता कुटुंब मेळाव्यात त्या कामगाराच्या लेकरानं म्हणायची. कविता छापलेला निकालाचा कागद पेढ्यांसकट मीच त्याच्या पिंकीच्या हाती दिला. पोरगी तिसरीत. ज्योतीराम पहिल्या शिफ्टहून परतेपर्यंत तिची कविता पाठही झाली. गॅलरीत उभी राहून, शाळेत शिकवतात तशी हावभावांसहित म्हणत होती:

गंजी पेटली, घर पेटलं,
मी टाळ्या पिटल्या.
वाटलं, यंदा आमच्याकडं
दिवाळी लवकर आली.

टाळ्यांच्या ओळीला ती टाळ्या वाजवायची आणि खालची सगळी मंडळी तिला साथ द्यायची. मीही दिली. ज्योतीराम जिन्यातच थांबला होता.

मग मला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं, आवाज जराही न चढवता. तो सात वर्षांचा असताना त्याच्या चुलत्यानं नवी मोटारसायकल गावच्या चौकातून बसून नेली. त्यांच्या वस्तीतल्या माणसानं तिथं उतरून गाडी ढकलत न्यायची, असा गावचा दंडक. त्याच संध्याकाळी वस्ती पेटवली. चुलता आतच राहिला. पिंकीला मात्र त्यानं सांगितलं होतं, ते चुलत आजोबा तापानं गेले.

“बारा वर्षांची झाली की सांगणार होतो,” तो म्हणाला. “तुम्ही चार वर्षं आधीच आणलंत, भाऊ.”

मी म्हटलं, चूक माझी, साहेबांना सांगून नाव मागं घेतो. तो नको म्हणाला. कंपनीत त्याच्या गावाकडचे दोघंतिघं आहेत. कविता आता भिंतीवर लागलीय, पोरीला कुणाकडून तरी कळणारच. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं.

रविवारी तो तिला घेऊन गच्चीवर गेला. कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मी तिथं होतोच. एरवी मी कपड्यांना हात लावत नाही; माझी बायको अजून त्या कपड्यांबद्दल विचारते.

“ती आग आपोआप लागली नव्हती, पिंके. गावातल्या माणसांनी आपली घरं पेटवली.”

“का?”

“आजोबा गाडीवरून उतरले नाहीत म्हणून.”

ती म्हणाली, “मग तुम्ही टाळ्या का वाजवल्या, पप्पा?”

“मला कुणी सांगितलं नव्हतं.”

कविता म्हणायची की नाही, हे त्यानं तिच्यावर सोडलं. मेळाव्यात तिनं म्हटली, हात बाजूला सरळ ठेवून. परीक्षक म्हणाले, पाठांतर उत्तम, हावभाव थोडे कमी पडले. डब्यांचा सेट मिळाला. ज्योतीराम तो कडेवर धरून बसस्टॉपकडं चालत गेला, पिंकी त्याच्या पुढं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी पुसत होतो. पिंकी शाळेला निघाली होती, ती थांबली.

“काका, तुमच्या गावात कुणाला उतरावं लागायचं?”

तेव्हा इथं गाड्या कुठं होत्या, असं म्हणून मी सुटलो. आमच्या दारावरून चपला हातात घेऊन जाणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. ते काही तिला सांगितलं नाही. तीही हलली नाही, उत्तराची वाट बघत उभी राहिली, रिक्षा येईपर्यंत.