अंगणातल्या बोटीचं पाणी

“बोट आली. आता समुद्र मागनं येतोय व्हय?”

शेजारचे म्हातारे कंपाउंडवरून वडिलांना, म्हणजे आप्पांना, विचारत होते. कालपासून हाच विनोद निरनिराळ्या तोंडून ऐकून मला वीट आला होता. आप्पांना मात्र आला नव्हता. “येतोय की, नळातनं,” ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “सोड गं पाणी.”

मी नळ सोडला. कालपासून माझं काम एवढंच होतं.

बेळगावातल्या अनगोळला घरापुढेच आप्पांचं गॅरेज होतं. विहिरींवरची इंजिनं आणि पंप तिथे दुरुस्तीला येत. पार उचगावासारख्या खेड्यातल्या कुणाचा पंप पाणी ओढेना झाला की तो आप्पांकडे यायचा. बोट मात्र त्यांनी कधी उघडून पाहिलेली नव्हती. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. धरणाच्या पाण्यात पाहुण्यांना फिरवायला त्यांनी गोव्यातून ही जुनी बोट घेतली आणि इंजिन बघून द्या म्हणून ट्रॉलीसकट आमच्या अंगणात उभी केली. “इंजिन ते इंजिन,” आप्पा चारचौघांत बोलून बसले. आज संध्याकाळी अण्णा जीप घेऊन येणार होते. इंजिन सुरू झालं नाही तर बोट पुण्याला जाणार आणि आप्पांचा तो शब्द अनगोळभर हिंडणार.

या बोटीला बाहेर पंखा नव्हता. ती पोटाखालून पाणी ओढून मागच्या तोंडातून जोरात फेकायची आणि त्या जोरावर पळायची. हे कळलं तेव्हा आप्पा लहान मुलासारखे खूश झाले. “अगं, ह्यो तर आपला पंपच की!”

तिथेच सगळं फिसकटलं. पंप कोरडा फिरवणं आमच्याकडे पाप. आधी पंपात पाणी भरायचं, मग इंजिनाला हँडल मारायचं, हे हात धुऊन जेवायला बसण्याइतकं ठरलेलं होतं. बोटीचं इंजिन एरवी नदीच्या पाण्याने थंड राहतं. अंगणात नदी नाही, म्हणून नळाची रबरी नळी त्याला जोडली होती. क्रम मात्र पंपाचाच होता, आधी पाणी, मग किल्ली.

किल्ली फिरवली की इंजिन घुर्र करायचं आणि अडकायचं. गॅरेजात आप्पांच्या हाताखाली असलेले काका प्लग काढायचे, भोकांतून पाणी उडायचं. प्लग स्टोव्हवर सुकवून पुन्हा बसवायचे आणि पुन्हा ‘सोड गं पाणी’. बघ्यांचे सल्ले चालूच होते. बॅटरी उतरलीया, गोव्याचं पेट्रोल हाय, नारळ फोडला न्हाय. आईने नारळही फोडला. टाकीतलं पाणी तळाला गेलं, तिचं धुणं पडून राहिलं. राग बोटीवरचा, पण बोलणी मला. “एवढी इंग्लिश शाळा करून शेवटी नळावरच बसलीस.”

घरात मी फारसं बोलत नसे. घरची बोली माझ्या तोंडात अडखळायची आणि पुस्तकी मराठी बोलले की काका “बाईसाहेब आल्या” म्हणायचे. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसून मी त्या नळीकडे बघत राहायचे. नळ सोडल्यावर पाणी सूं करत आत जायचं आणि मागून थेंबही पडायचा नाही. किल्ली फिरेपर्यंत यांच्या गप्पा चालायच्या, पाणी आत जातच असायचं. चालतं इंजिन ते धुराबरोबर बाहेर फेकेल. बंद इंजिन काय फेकणार? ते बादलीसारखं भरत होतं, आणि भरत मीच होते.

दुपारनंतर आप्पांनी निदान केलं. हेडचं गॅस्केट गेलंय, त्याशिवाय आत पाणी येणार न्हाय. हेड उघडायला पाहिजे. इंजिनात पाणी शिरू न देणारी ती पातळ पट्टी, तसलं गॅस्केट, बेळगावात मिळणार नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. बोट उघड्या पोटाने अंगणात पडून राहणार. आप्पांचा चेहरा उतरला. ते पाने-पक्कड मांडत होते तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली.

“शेवटचं एकदा बघूया,” ते अण्णांना म्हणाले. काकांनी आतलं पाणी काढून प्लग पुन्हा सुकवून बसवले.

“सोड गं पाणी.”

मी नळावर हात ठेवला. सोडला नाही.

“सोडलंस का?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

किल्ली फिरली. इंजिन खोकलं, थुंकलं आणि एकदम असं धडधडलं की शेजारचे म्हातारे कंपाउंडपासून मागे सरले. मी लगेच नळ सोडला. जरा वेळाने मागच्या नळकांड्यातून धुराबरोबर पाणी उडायला लागलं. आप्पांचा हात बंद करायला किल्लीकडे गेला, तेव्हा मी आधी नळ बंद केला. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आप्पा हसत होते, अण्णा त्यांच्या पाठीवर थाप मारत होते. मला तेवढं पुरे होतं. मी नळी गुंडाळून आत निघाले.

मागे आप्पा अण्णांच्या ड्रायव्हरला समजावत होते. बोट धरणातून बाहेर काढली की नळावर इंजिन चालवून बघायची वेळ त्याच्यावर येणार होती. “ध्यानात ठेव. आधी पाणी भरायचं, दम धरायचा, मगच किल्ली. पंप हाय त्यो, कोरडा फिरवायचा न्हाय. आत्ता बघितलंस न्हवं?”

“व्हय आप्पा,” ड्रायव्हर म्हणाला. तो ते मनात घोकत होता, ओठ हलताना दिसत होते. पुढच्या महिन्यात हीच बोट, हेच भिजलेले प्लग आणि हेच ‘सोड गं पाणी’ मला दिसायला लागलं. मी नळी खाली टाकली.

“मी नळ सोडलाच न्हवता, आप्पा. आधी इंजिन चालू झालं, मग पाणी.”