पितळी जाळीवरचं गंध

ती केस आठवली की आजही आधी मला स्वतःचाच राग येतो, आणि मग छाती फुगते. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले; पण चेन्नईतल्या एका बँकेच्या इमारतीतली ही साधी चोरी मी नातवंडांनाही रंगवून सांगतो. आमचं घराणं मूळचं तंजावरचं. घरी मराठी, पोलीस ठाण्यात तमिळ. इथल्या शुद्धलेखनाचं श्रेय पुण्याहून आलेल्या आमच्या सूनबाईंना द्यावं.

शहराबाहेर सिरुसेरीकडे काचेच्या इमारतींतल्या आयटी कंपन्या उभ्या राहत होत्या, तो काळ. पण ही इमारत जुन्या बाजारपेठेतली, आठ मजल्यांची. ती बांधली तेव्हा आजूबाजूला सगळी दुमजली दुकानं होती. लोक लांबच्या तांबरमहून गाडीनं खास ती बघायला यायचे. लिफ्टमध्ये शिरताना कित्येक जण देवळात शिरल्यासारखे चपला बाहेर काढून ठेवायचे. त्या पहिल्या लिफ्टची पितळी जाळीची दोन दारं दुरुस्तीसाठी काढून गच्चीवरच्या यंत्रखोलीत ठेवली होती. पुढे ती खालच्या दालनात मांडायची, असा बँकेचा बेत होता. आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, सुट्टीनंतर बँक उघडली तेव्हा दारं गायब!

मॅनेजरसाहेबांनी फिर्याद दिली. पंचनामा झाला. कुलूप शाबूत, म्हणजे चोरी किल्लीनं झालेली. किल्ली वर्षानुवर्षं लिफ्टमनकडे होती. पूजेच्या संध्याकाळी त्यानं ती दुरुस्तीच्या ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे दिली, तशी रजिस्टरला नोंद होती. सुपरवायझर छातीठोकपणे म्हणाला, "सार, मी पूजेच्या आदल्या आठवड्यात मापं घ्यायला वर गेलो, तेव्हाच दारं नव्हती. मला वाटलं, बँकेनंच हलवली." झालं! मी म्हाताऱ्या लिफ्टमनला ठाण्यात बसवलं.

त्याच्या निवृत्तीला दहा दिवस राहिले होते. बाप याच इमारतीच्या बांधकामावर काँक्रीटची घमेली वाहायचा, आणि हा तिथेच लिफ्टमन झाला. आरोपी म्हणून नाव चढलं असतं, तर चोर म्हणूनच घरी गेला असता.

दोन दिवस चौकशी केली. साथीदार कोण, टेम्पो कुणाचा, एकच रट लावली मी. तो हात जोडून सांगत राहिला, "अय्या, साहेब, दारं होती. पूजेच्या दिवशी मी एकेका पट्टीला गंध लावलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग किल्ली दिली."

"पाहिलं कुणी?"

"सगळे खाली मोठ्या पूजेला होते, अय्या. चुरमुरे वाटत होते."

"मग फालतू कथा नको सांगू!" मी ओरडलो. जबाब लिहिणाऱ्या रायटरनं माझ्याकडे पाहिलं आणि गंधाची गोष्ट जबाबात घेतलीच नाही.

तिसऱ्या दिवशी खबरी आला. एन्नोरच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याच्या गोदामात पितळी जाळी आल्याची टीप होती. ओळख पटवायला म्हाताऱ्याला जीपमध्ये घातलं, दोन पंच घेतले आणि गेलो. पोत्यांखाली तीच दारं. म्हातारा त्यांच्यावर हात फिरवून रडायलाच लागला. तेवढ्यात भंगारवाल्यानं त्याच्याकडे बोट केलं. "हाच तो, सार. पूजेच्या आठ दिवस आधी यानंच आणून विकली."

मी मनात म्हटलं, सुटली केस! आणि पोतं पुरतं बाजूला ओढलं.

प्रत्येक पट्टीवर गंधाचं बोट आणि त्यावर कुंकू. सांध्यात झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. सुकल्या होत्या, पण काळ्या पडल्या नव्हत्या.

"हे गंध कुणी लावलं रे?" मी भंगारवाल्याला विचारलं.

तो जरा चाचरला. "आम्हीच, सार. पूजेला गोदामातल्या सगळ्या वस्तूंना लावतो."

मी सावकाश गोदामभर फिरलो. वजनकाट्याला गंध होतं. टेम्पोच्या स्टिअरिंगला होतं. कातरीला, हातोड्याला होतं. तांब्याच्या तारा, मोडके पंखे, पितळी नळ मात्र कोरडे ठणठणीत.

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "भंगाराची पूजा कुणी करतं का? माणूस पुजतो ती आपल्या पोटापाण्याची हत्यारं. या दारांवर तुझं पोट नव्हतं. याचं होतं!"

त्याचं तोंड पडलं. आठ दिवस आधी विकलेल्या दारांना म्हातारा पूजेच्या दिवशी गंध कसं लावणार? म्हणजे पूजेच्या संध्याकाळपर्यंत दारं यंत्रखोलीतच होती, आणि त्यानंतर किल्ली सुपरवायझरकडे. सुट्टीतच टेम्पो आला, हे भंगारवाल्यानं तिथल्या तिथे कबूल केलं. खोटी ओळख पटवायला सांगणारा कोण, तेही सांगितलं. संध्याकाळी सुपरवायझरला उचललं. चहा निवायच्या आत गडी बोलता झाला. मुद्देमाल जप्त, दोघंही आत. ठाण्यात त्या दिवशी आम्ही जिलेबी वाटली, आणि पहिली मी म्हाताऱ्याला भरवली. "चुकलं माझं," असं सर्वांसमोर म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही पोतं तर पुरतं ओढलंत, अय्या."

पण खरं सांगतो, गंधाची गोष्ट त्यानं मला पहिल्याच दिवशी दिली होती. मीच ती फेकली. तेव्हापासून माझ्या ठाण्यात सक्त नियम झाला: माणूस जे सांगेल ते जबाबात पूर्ण घ्यायचं. फालतू काय ते नंतर ठरवू.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी वर्दीत बँकेत गेलो. दारं घासूनपुसून दालनात मांडली होती. हारतुरे झाले. मग मॅनेजरसाहेबांनी म्हाताऱ्याला हाताला धरून नव्या लिफ्टमध्ये नेलं, स्वतः बटणांपाशी उभे राहिले आणि अदबीनं विचारलं, "कितवा मजला, सार?"

जन्मभर हा प्रश्न त्यानंच इतरांना विचारला होता. तो डोळे पुसत, अगदी ऐटीत म्हणाला, "आठवा!"

आम्ही सगळे त्याच्याबरोबर वर गेलो.