खरवडलेला नंबर

पिनबॉलच्या खेळाच्या मशीनचा जळालेला सर्किट बोर्ड कुलकर्णीकाकांच्या दुरुस्तीच्या टेबलावर होता. मशीनच्या मालकीणबाई रेखाताई म्हणाल्या, "कंपनी म्हणते, हा बोर्ड आता बनत नाही. नवं मशीन घ्या, हे भंगारात घाला."

काकांनी भिंग त्यांच्याकडे काम शिकणाऱ्या माझ्या हातात दिलं. मुख्य चिपवरचा नंबर दिसत नव्हता.

"जळला का?" मी विचारलं.

"जळतोय कसला. कारखान्यातच खरवडतात, आपल्याला कळू नये म्हणून."

तो ओरखडा अजून डोळ्यांत खुपतो. वस्तू विकायची आणि तिचं नाव मात्र दडवून ठेवायचं, ही राजरोस लबाडी आहे. ज्ञानाची ही मक्तेदारी आपल्याला नवी नाही. पूर्वी पोथ्या सोवळ्यात ठेवायचे, आता चिपा खरवडतात. माणसं तीच.

काकांनी चिपचा पायन् पाय मीटरने तपासून ती ओळखली, बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा कागदावर उतरवल्या आणि तीन आठवड्यांत नवा बोर्ड बनवला. मशीन उजळलं, स्टीलची गोळी खणखणत धावली. मग त्यांनी सगळे नंबर बोर्डावर ठळक लिहिले आणि सर्किटचा नकाशा मशीनच्या झाकणाच्या आतून चिकटवला.

"काका, आता कुणीही बनवेल की हा," रेखाताई म्हणाल्या. "तुमच्याच पोटावर पाय."

"बनवू दे. मी काय कंपनी आहे?"