मोरीत चुना, दारात कढई

आक्कांच्या मोरीला वास यायचा नाही. एवढ्या एका गोष्टीवरून माझा जीव जळायचा, आणि हसू नका, अगदी खरं सांगते. लोक दुसरीच्या पाटल्यांवर जळतात, साडीवर जळतात. मी मोरीवर जळायचे.

झालं काय, की पिंपरीला नवा कारखाना निघाला तेव्हा हे आणि यांचे थोरले भाऊ दोघंही एकदमच कामाला लागले, आणि क्वार्टर्सही शेजारी-शेजारी मिळाल्या. मध्ये एकच भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे आक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ. दोघींच्या स्वयंपाकघरात त्या भिंतीलाच लागून मोरी. मोरीला लोखंडी जाळी, जाळीखाली पाइप, पाइप मागच्या गटाराला. चिंचवडला माझ्या माहेरी मोरीचं पाणी सरळ परसातल्या केळींना जायचं. ताक गेलं, पेज गेली, भाजीची देठं गेली, कोण बघतंय? केळी खूष! इथे केळी नव्हत्या, पाइप होता. आणि पाइपाला सगळं पचत नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता आत्याबाई. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. त्या चाकणजवळ गावी राहायच्या आणि दिवाळीच्या आधी एस्टीने यायच्या, गावाकडची थोरली लोखंडी कढई पोत्यात गुंडाळून. ती कढई ज्या सुनेच्या चुलीवर चढेल तिच्या घरची दिवाळी. आमच्यात असंच आहे. पहिला घाणा तिच्या देवाला, आल्यागेल्याचा फराळ तिच्या दारात. दुसरीने नुसतं लाटायला जायचं, पाहुणीसारखं.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आत्याबाई आधी माझ्याकडेच आल्या होत्या हो! कढई खाली ठेवली, पदर खोचला आणि नाक वर केलं.

"धाकटे, मोरी वासाडी हाय गं तुझी. तळणीपाशी असला वास न्हाई चालायचा."

उचलली कढई आणि गेल्या पलीकडे. वर आक्का दारातून म्हणतात कशा, "आसू द्या आत्याबाई, पोर हाय आजून."

पोर! स्वतः माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठ्या आणि मी पोर! त्या दिवाळीत करंज्या मी इतक्या दाबून मुरडल्या की एकही फुटली नाही, पण तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून पुढच्या वर्षी मी ठरवलंच. कढई माझ्या चुलीवर म्हणजे माझ्याच चुलीवर. भाद्रपदापासून पाळत ठेवली. दुपारी भिंतीला कान लावला की पलीकडून पाणी ओतल्याचा आवाज यायचा, मग काहीतरी खरवडल्याचा. एक दिवस राहवेना, सरळ विचारलं.

"आक्का, मोरीत तुम्ही काय घालता हो?"

"हात घालते," आक्का म्हणाल्या आणि हसल्या. "जाळी उचलायची, हात घालायचा, अडकल्यालं काढायचं. वरून कढत पाणी. त्याला काय आवशीद लागतंय?"

मला काही पटलं नाही. हात घालून कुणाची मोरी अशी राहते? नक्की काहीतरी लपवतायत, असंच वाटलं. आणि हात तर मी मुळीच घालणार नव्हते, शी! त्या जाळीखाली काय काय असेल!

दिवाळी जवळ आली तसा यांनी घराला चुना काढला. भिंती पांढऱ्याफेक झाल्या आणि बादलीत चांगला दाट चुना उरला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश! गटाराला वास आला की कॉलनीत चुनाच टाकतात की नाही? मग मोरीत का नाही? ओतला. मग मोरीतच बसून पितळेची भांडी काढली. चिंच लावायची आणि विटकरीच्या पुडीने घासायची. तांब्या, कळशी, परात, ताटं, मी सोडलं नाही काही. आक्कांपेक्षा जास्त लखलखली पाहिजेत म्हणून पूडही अशी मुठीमुठीने घेतली. सगळी गेली खाली. वरून परत चुना. रात्रभर काय, दुसऱ्या दुपारपर्यंत पाणी टाकलं नाही, म्हटलं मुरू दे.

सकाळी वास गायब! मला तर नाचावंसं वाटलं. यांना म्हटलं, "अहो, जरा मोरीपाशी बसा."

"कशाला?"

"वास घ्या ना!"

"सणासुदीचं काय भलतंच?" म्हणत डबा घेऊन कारखान्यात गेले. मग मी आक्कांनाच बोलावलं. त्या वाकल्या, नाक लावलं, आणि म्हणाल्या, "व्हय गं, न्हाई वास." बस! एवढंच. पण ते ऐकताना मला जे वाटलं ना, ते मंगळसूत्र घालतानासुद्धा वाटलं नव्हतं.

दुपारी आत्याबाई आल्या. पोतं सोडलं, मोरीपाशी उभ्या राहिल्या, नाक वर केलं. "आता कसं," म्हणाल्या, आणि कढई माझ्या चुलीवर ठेवली. माझ्या! मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "आत्याबाई, तेल ओतू का हो कढईत?" भिंतीपलीकडे ऐकू जायला नको?

आणि मग मी पीठ भिजवलेली परात मोरीत धुतली.

पाणी जाईना. वाट बघितली. आणखी एक तांब्या ओतला, की जोराने ढकलेल. जाळीच्या वर आलं, मोरीच्या काठाला लागलं. हे नुकतेच शिफ्टवरून आलेले. जाळी काढून त्यांनी बांबूची काठी खाली घातली. ठक. परत घातली. ठक, ठक.

"अगं, हे फरशीसारखं लागतंय! काय घातलंस काय यात?"

"चुना," मी म्हटलं. "वासासाठी. आणि... भांड्यांची पूड गेली असेल थोडी."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं बये! चुना आन् इटकरीची पूड? आपली हीर त्यानंच बांधलीया! पाण्यात जेवढं ऱ्हातंय तेवढं दगडावानी व्हतंय ते."

हे हसायला लागले. "गवंडीच झालीस की तू!" मी यांच्याकडे असं बघितलं की परत काठीला लागले.

तेवढ्यात पलीकडून आक्कांचा आवाज. "धाकटे! माझ्या मोरीतनं पानी वर येतंय गं!"

दोघींचे पाइप भिंतीमागे एकत्र व्हायचे, आणि माझं बांधकाम तिथवर पोचलं होतं. मला रडू फुटायला हवं होतं, नाही का? पण खरं सांगू, मला आधी एवढंच सुचलं की चला, आता कढई तिकडेही जाणार नाही.

आत्याबाईंनी कुणालाच काही विचारलं नाही. मागच्या अंगणात, दोन्ही दारांच्या मध्ये, तीन दगड मांडले आणि कढई तिथे चढवली. मी माझा पाट घेतला आणि कढईच्या अगदी जवळ बसले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की तळण आमचंच आहे. पहिल्या करंज्या तांबूस होऊन वर आल्या. आत्याबाई झारा धरून म्हणाल्या, "थोरले, ताट आन."

आक्का आत गेल्या. आणि मी धावले! माझ्या घरातून पितळेचं ताट घेऊन त्यांच्या आधी परत, धापा टाकत. आत्याबाईंनी ताट बघितलं. "लई लखलखतंय," म्हणाल्या आणि करंज्या त्यातच काढल्या. मी उठले, आमच्या देवाकडे निघाले.

"तिकडं कुठं?" आत्याबाई म्हणाल्या. "थोरलीच्या देवाला ठेव. मान तिचा हाय."

माझं ताट, माझं घासणं, आणि देव त्यांचा. गेले. दुसरं काय करणार?

आक्का ताट आणायला गेलेल्या त्या अजून आतच होत्या. मोरी उतू जाऊन त्यांचं सारवल्यासारखं स्वच्छ स्वयंपाकघर पांढऱ्या गढूळ पाण्याने भरलं होतं. माझ्याच चुन्याचं पाणी. त्या उकिडव्या बसून फडक्याने ते टिपत होत्या, बादलीत पिळत होत्या, परत टिपत होत्या. कोपरापर्यंत हात पांढरे झालेले. मी उंबऱ्यातच थांबले आणि आता ओरडणार म्हणून वाट बघत राहिले. ओरडल्या असत्या तर मी पण बोलले असते की! तोंडात तयार होतं माझ्या.

त्यांनी वर बघितलं. "ठेव देवापाशी," म्हणाल्या. "आन् पाय जपून टाक, निसरडं झालंय."

मी देवापाशी ताट ठेवलं आणि परत येताना भिंतीला धरून चालले. असं वागायला हिला कुठून सुचतं, याचाच मला इतका राग आला की बाहेर येऊन बसल्यावर पहिली करंजी मुरडताना फुटली.