ताईंचं मंगळवारचं बीफ

स्मोक अलार्मशी वाद घालून जिंकणारी बाई अख्ख्या स्कारबरोत एकच, आणि तिच्याच बेसमेंटमध्ये मी कॉलेजची वर्षं काढली. घरमालकीण म्हणून मी आधी मॅडम म्हणालो. "मॅडम ऑफिसात. इथे ताई म्हण," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. ताई मूळच्या परभणीच्या, इथे शहराच्या पाणीखात्यात इंजिनिअर, एकट्या राहणाऱ्या आणि कुणाचंही ऐकून न घेणाऱ्या. बसचा ड्रायव्हर, आपल्या दारातला बर्फ फावड्यानं ताईंच्या ड्राइव्हवेत टाकणारा शेजारी, यूट्यूबवरचे शेफ, सगळ्यांना त्या सुधारत असत. "तासभर मॅरिनेट करा म्हणतो हा. याला नोकरी नाही वाटतं."

मंगळवारी कामावरून आल्या की ताई कोटही न काढता बीफ स्टर-फ्राय करायला घ्यायच्या. मांस अर्धवट गोठलेलं असतानाच पातळ कापायचं, तेही त्याच्या धाग्यांच्या आडवं. त्यावर सोया सॉस, चिमूटभर कॉर्नफ्लॉवर आणि परभणीहून आलेला काळा मसाला. कढईत तेल धुरावेपर्यंत तापवायचं आणि मांस थोडंथोडंच टाकायचं, नाहीतर पाणी सुटतं. एवढ्यात अलार्म किंचाळायचा. "धूर आणि आग यातला फरक कळत नाही का तुला," असं म्हणत ताई त्याच्याखाली हातमोजा फडकवत उभ्या राहायच्या, तो गप्प होईपर्यंत. मग आलं-लसूण, ब्रोकोली, आणि भाताच्या कुकरची वाफ जिरायच्या आत जेवण तयार.

मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या जेवणालाही, ताईंनी तीच कढई नेली. भांड्यांपुढे पदार्थांची नावं लिहून ठेवायची होती. ताईंनी 'बीफ' लिहिलं. व्यवस्था बघणारे काका जवळ येऊन म्हणाले, "ताई, नुसतं नॉनव्हेज लिहा ना. उगाच लोकांना ऑकवर्ड होतं." ताईंनी नवा कागद घेतला आणि आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत 'बीफ' लिहिलं. "आईनं हेच रांधून आम्हाला वाढवलं. ज्याला नको त्यानं खाऊ नये, माझं काही म्हणणं नाही. पण नाव मी बदलणार नाही." बराच वेळ तिकडे कुणी फिरकलं नाही. मग मीच ताट भरून घेतलं. माझ्यामागून एक तरुण जोडपं आलं, आणखी काही जण आले. शेवटी एक गृहस्थ डबा पुढे करून कुजबुजले, "घरी नेऊ का थोडं?"

"डब्यात मिळणार नाही. इथे खुर्चीवर बसून खा," ताई म्हणाल्या. आणि ते खरोखरच सगळ्यांदेखत बसून जेवले.

त्या उन्हाळ्यात ताईंच्या आई परभणीहून आल्या. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. कुरियरवाला होता. मी पार्सल घेऊन परतलो, तर आजींनी आपलं ताट ओट्याखालच्या कपाटात सरकवलेलं, आणि त्या उष्टा हात पदराखाली घेऊन बसलेल्या. परभणीला हे दार लावून शिजायचं. कुणी विचारलं तर वांगी केलीत म्हणून सांगायचं.

"कोण होतं? शेजारचे का?" त्यांनी हळूच विचारलं.

मला वाटलं, आता ताई सुरू होणार. पण त्यांनी ताट बाहेर काढलं, बीफ पुन्हा गरम केलं आणि आईला खेटून खुर्ची ओढून घेतली. "कुणी नाही गं आई. जेव सावकाश." आजी जेवू लागल्या, तरी मधूनमधून दाराकडे बघत होत्या. ताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या, आणि ताईंचं स्वतःचं ताट समोर गार होत गेलं.