बाबांचं आरशासारखं पाणी

माझे बाबा लाँड्री चालवतात आणि गल्लीत त्यांना सगळे बगळेशेठ म्हणतात, कारण तीस वर्षांत कुणी त्यांना मळक्या शर्टात पाहिलेलं नाही. डागांशी त्यांचं जुनं वैर आहे. जेवताना समोरच्याच्या बाहीवर थेंब उडाला, की बाबांचा घास हातातच राहतो.

नळाला जेमतेम तासभर पाणी येतं, म्हणून गेल्या आठवड्यात त्यांनी दुकानामागे बोअर मारली. "आधी पाणी तपासून घ्या," आईने हजारदा सांगितलं. बाबांनी ग्लास उजेडात धरला. "तपासलं. आरशासारखं आहे!"

शनिवारी ते पाणी धुण्याच्या टाकीला जोडलं आणि त्यात त्यांनी सगळ्यात आधी धुवावं काय, तर माझा पांढरा कोट! सोमवारी मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू होणार होते. मुलीचा पहिला कोट दुसऱ्या कुणी धुतला असता, तर बाबांना अन्न गोड लागलं नसतं.

रविवारी सकाळी कोट बाहेर आला तो चहात बुडवल्यासारखा.

"कापडच हलकं," बाबा म्हणाले आणि त्यांनी सोडा वाढवला. डाग दिसला की सोडा वाढवायचा, हा त्यांचा शिरस्ता. कोट तांबूस झाला. त्यांनी आणखी दोन मुठी टाकल्या. कोट विटेच्या रंगावर गेला.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, पाण्यात लोखंड आहे!"

"कुठंय? दाखव."

"विरघळलेलं आहे, म्हणून दिसत नाही. हवा आणि सोडा मिळाला की त्याचा गंज होतो, तो काही पाण्यात विरघळत नाही. तुम्ही माझ्या कोटावर गंज चढवताय!"

"आधी विरघळलं होतं ना? मग आता विरघळायला काय धाड भरलीय त्याला?"

मी ग्लासभर ताजं पाणी घेतलं, चिमूटभर सोडा टाकला आणि ढवळत राहिले. आधी हिरवट ढग आले, मग ते तांबूस झाले आणि हळूहळू तळाला बसले. बाबांचं तोंड एवढंसं झालं. रागावलेली मी, पण मलाच वाईट वाटलं.

"हे मी आठवडाभर पाहुण्यांना पाजतोय," ते पुटपुटले.

"तरीच हल्ली कुणी येत नाही," आई म्हणाली.

गंज सुटायला आंबट लागतं. आईने साठवलेल्या नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या काढून दिल्या आणि बाबा दुपारभर लिंबं पिळत बसले. संध्याकाळी कोट पांढरा झाला. कॉलरवर तेवढी पिवळट रेघ राहिली.

"नवा आणतो," बाबा म्हणाले.

"घालीन तर हाच," मी म्हणाले.

सोमवारी मला नमुने घेण्याच्या खिडकीवर बसवलं. रांगेतला तिसरा माणूस पुढे आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात बाटली.

"मॅडम," बाबा जन्मात ओळख नसल्यासारखे म्हणाले, "बोअरचं पाणी आहे. तपासून द्या."

मला हसू आवरेना. कशीबशी फॉर्मकडे बघत मी पहिला प्रश्न विचारला, "दिसायला कसं आहे?"

त्यांची नजर माझ्या कॉलरवर गेली.

"आरशासारखं," ते म्हणाले. मग घसा खाकरून हळूच म्हणाले, "पण त्यावर जाऊ नका."