गुन्वोरच्या मयताची बियर

हालवारच्या हातून उभ्या आयुष्यात कधी बियर बिघडली नव्हती, कारण त्याने ती कधी केलीच नव्हती. लाकडं फोडायची, ओढ्याचं पाणी वाहायचं, जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या फांद्या तोडून आणायच्या, एवढंच त्याचं काम. बाकी सगळं त्याच्या बायकोचं, गुन्वोरचं. नाताळ जवळ आला की ओढ्याकाठी बर्फातच चूल मांडून ती काहील चढवायची आणि नवऱ्याला नुसती पळवायची. आमच्या खोऱ्यात तिच्या बियरला तोड नव्हती, आणि जिभेलाही.

त्या हिवाळ्यात मात्र तिने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि हे हालवारच्या आधी तिलाच उमगलं होतं.

"नाताळची राहू दे," ती म्हणाली. "माझ्या मयताला लागेल ती कर. आईच्या खमिराची. दुकानातली पुडी टाकलीस ना, तर पेटीतून उठून बसेन!"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"मग काय, शेजारच्या एलिंगची पाजणार आहेस लोकांना? वर आईला काय तोंड दाखवू मी?"

"आईच्याच खमिराची करीन," हालवारने शब्द दिला.

आमच्याकडे मयताची बियर घरचीच लागते. ती नसली तर लोक त्या घराला नातवंडांपर्यंत ऐकवतात. गुन्वोरच्या आईचं खमीर लाकडी कड्याला फासून, वाळवून माळ्यावर टांगलेलं होतं. एके काळी ते घरोघर होतं. पुड्या आल्या आणि सगळ्यांनी आपापलं फेकून दिलं, आळशी मेले! आता काय ते एवढंच उरलं होतं.

हालवारने काहील चढवली. जुनिपरच्या उकळत्या पाण्यात मोडाचे जव भिजवले, गोड रस गाळून पिंप भरलं. थंडी अशी की मिशीवर श्वास गोठत होता. आता रस कोमट झाला की खमीर टाकायचं.

"कोपर बुडवून बघ," गुन्वोरने बजावलं होतं. "बोटांनी नको. तुझी बोटं मेलीत."

लाकूडतोडीच्या एका हिवाळ्यात त्याची बोटं गारठून कायमची बधिर झाली होती. पण कोपर उघडं करायचं तर अंगावरचे दोन्ही स्वेटर काढायला हवेत, आणि घरात गुन्वोर एकटी कण्हत होती. त्याने बोटंच बुडवली. कोमट वाटलं. अर्धं खमीर पुढच्या वर्षासाठी ठेवायची रीत आहे. पुढचं वर्ष आता कोणासाठी? लवकर फसफसू दे म्हणून त्याने सगळंच टाकलं आणि आकाशाकडे तोंड करून आरोळी ठोकली. आरोळी जेवढी मोठी, तेवढी बियर कडक.

तो घरात आला तेव्हा गुन्वोर हसत होती. "मेल्या, माझी आईसुद्धा जागी झाली असेल!"

पिंप गोधडीत गुंडाळून त्याने तिच्या खाटेशी ठेवलं. जिवंत बियर आतून सळसळते. आम्ही म्हणतो, गाते. सकाळ झाली, संध्याकाळ झाली, पिंप मुकंच. तेव्हा हालवारला कळून चुकलं. त्या वेळी रस कढतच होता. त्याच्या हाताने खमीर भाजून मेलं होतं, आणि ते आता जगात कुठेच नव्हतं.

"जवळ सरकव ते," गुन्वोर म्हणाली.

तिने पिंपाला कान लावला. मग त्याच्या त्या बोटांवर हात ठेवून म्हणाली, "गातेय रे. छान गातेय."

हालवार लाकडं आणायच्या निमित्ताने बाहेर गेला आणि ओढ्याकाठी उभा राहून ढसाढसा रडला.

त्याच आठवड्यात ती गेली. एलिंग सांत्वनाला आला, पिंपाकडे बघून काय ते समजला आणि खिशातून पुडी काढली. "टाक गपचूप. कोणाला कळतंय?"

"तिला शब्द दिलाय," हालवार म्हणाला. एलिंगने पुडी परत खिशात घातली.

मयताला सगळं खोरं लोटलं. हालवारने पिंप उघडलं, लाकडी वाडगा भरला आणि पहिल्यांदा एलिंगच्याच हाती दिला. खोऱ्यातल्या एकूण एक घरच्या बियरला नावं ठेवणारा माणूस तो. पहिल्या घोटाला तो थबकला. गोडमिट्ट, वर जराशी आंबूस. बियर नव्हतीच ती. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. हालवार जमिनीकडे.

एलिंगने वाडगा तळापर्यंत रिकामा केला आणि मिशी पुसली.

"गुन्वोरच्या हातचीच," तो म्हणाला. "भर अजून."

मग वाडगा हातोहात फिरला. पिंप रिकामं होईपर्यंत कोणी उठलं नाही.